शेगडीचा हिवाळा

आधी नाव लिहिते, मग बाकीचं. विमलमावशी. सातपूरच्या आमच्या पहिल्या घरमालकीण. मूळच्या निफाडकडच्या, नवरा गेल्यावर मळा दिराकडे सोपवून शहरात आलेल्या. खाली त्या राहायच्या, वरच्या एका खोलीत आम्ही. आवाज असा, की खाली नळाला पाणी आल्याचं गच्चीवरच्या कबुतरांनाही कळावं. माझी तनू आता पहिलीत जाते, दप्तर फेकते, वरणाला नाक मुरडते. तिच्या या सगळ्या नखऱ्यांवर पहिला हक्क मावशींचा आहे. का, ते सांगायचं तर मागे जावं लागेल, आणि मागे जायचं म्हटलं की अजून माझे तळहात ओले होतात.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नाशिकमध्ये एक सकाळ अशी येते, की फरशीवर पाय ठेवताच अंगठा आपोआप आत ओढला जातो. परवा ती आली. मी गॅलरीतल्या कूलरचं उरलंसुरलं पाणी काढलं, त्याच्या गवताच्या जाळ्या धुऊन वाळवल्या, टाकीचे कोपरे फडक्याने कोरडे केले आणि त्याला पोतं बांधून टाकलं. माळ्यावरून हीटर उतरवला. तेलाचा, उभ्या पात्यांचा. पात्यांमधली धूळ जुन्या ब्रशने काढली, वायर चिमटीतून फिरवून कुठे चिरली नाही ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. वर्षात पहिल्यांदा लावला की जरासा जळका वास येतोच, कुठेतरी राहिलेल्या धुळीचा. घरातल्या बाकीच्यांना तो वास म्हणजे थंडी आली. मला मात्र तो वास आला की मी हातातलं काम टाकून तनूच्या नाकाशी हात नेते. ती गणितं करत बसलेली असते. म्हणते, "आई, मी जागी आहे गं. श्वास घेतेय."

मी यवतमाळकडची, पुसदच्या पुढच्या एका खेड्यातली. आठवीनंतर शाळा सुटली. नववी पलीकडच्या गावात होती, मध्ये नदी, आणि पावसाळ्यात एसटी अलीकडेच थांबायची. त्यामुळे जे शिकले ते घरात आणि अंगणात. उन्हाशी कसं भांडायचं हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. फाल्गुन सरला की कूलर बाहेर निघायचा, बाबा त्यात नवं गवत भरायचे, आई पंप उलटा करून त्यातला चिखल काढायची. पाणी कोणत्या वेळी भरायचं, कूलर कोणत्या खिडकीत ठेवायचा, हे सगळं लहान पोरालाही ठाऊक. थंडी पडायची, नाही असं नाही. पण ती अंगणातली. शेकोटीपुरती. पाठीला थंडी, पोटाला ऊब, आणि वर चांदण्या. घरातल्या चार भिंतींत थंडी येऊन बसते आणि तिला तिथून उठवावं लागतं, हे मला नाशिकने दाखवलं.

माझे मिस्टर, गजानन, अंबडच्या एका कंपनीत लागले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, गाडीचं तिकीटसुद्धा काढलेलं होतं. पण तनूला घाई झाली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी, ऐन मार्गशीर्षात ती इथेच जन्मली. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं, वरून पिवळा उजेड. मी काचेला हात लावला की पेटी कोमट लागायची आणि मला बरं वाटायचं. घरी सोडताना सिस्टरने माझा हात धरून बाळाच्या पोटावर ठेवला, मग तळव्यांवर. "हे बघ, पोट गरम आणि पाय गरम, तर बाळ ठीक. पोट गरम आणि पाय गार पडले, तर समज तिला थंडी वाजायला लागलीय. ती रडून सांगणार नाही. एवढुशा बाळाला रडायलाही ताकद लागते."

रडून सांगणार नाही! हे वाक्य घेऊन मी घरी आले. त्यानंतर माझा एक हात कायम दुपट्याच्या आत असायचा. पोट, तळवे. पोट, तळवे. भाजी फोडणीला टाकली की पोट, तळवे.

आमची खोली उत्तरेकडची. ऊन गच्चीवर यायचं, खोलीत कधीच नाही. भिंतीला पाठ टेकली तर कोणीतरी ओला टॉवेल लावल्यासारखं वाटायचं. गजाननने पहिल्या आठवड्यातच हीटर आणला, तारेचा, लावला की लालबुंद होणारा. पोरगी उजेडाकडे बघत राहायची, आम्ही पोरीकडे. समोरून भाजायचं आणि मागून गारच. खोलीतली हवा अशी कोरडी व्हायची की तनूचं नाक चोंदायचं, मग दूध ओढताना तिला दम लागायचा. शेजारी पाण्याचं पातेलं ठेवून पाहिलं. थोडा फरक पडला. मग एका संध्याकाळी प्लगच्या जागी वास आला, प्लास्टिक वितळल्याचा, आणि खालून आवाज.

"काय भाजताय गं वर? घर पेटवताय का माझं?"

मावशी जिना चढून आल्या, प्लग ओढून काढला, त्याची काळी पडलेली पिन माझ्या डोळ्यांपुढे नाचवली. "हे पंख्याचं, मोबाइलचं बटण हाय. याच्यावर एवढं ओझं? बैलगाडीला रेल्वेचा डबा जोडलाय नवऱ्याने तुझ्या." मला रडू आलं. गजानन मान खाली घालून उभे. मावशींनी दुपट्यात बघितलं, हनुवटीने विचारलं, "दूध पिते का?" मी म्हटलं, "थोडं थोडं." त्या तशाच खाली गेल्या. मला तेव्हा त्या फार कठोर वाटल्या.

दुसऱ्या दिवशी आई आली. रात्रभराचा प्रवास, डोक्याला स्कार्फ, हातात गाठोडं, गाठोड्यात डिंक, ओवा, बाळंतशेपा आणि लोखंडी शेगडी. माझ्या जन्माच्या वेळची. मागे एका पोत्यात बाभळीचे कोळसे. मी म्हटलं, "आई, कोळसे इथेही मिळतात." ती म्हणाली, "इथले कसे असतील, मले काय माहीत? हे मी सोता पाडले आहेत." सुतळीने घट्ट शिवलेलं ते पोतं तिने गाडीत पायाशी धरून आणलं होतं, कुणाचा पाय लागू नये म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतिणीला खाटेवर निजवतात, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओव्याची चिमूट टाकतात. दारं लावून घेतात, वारा लागू देत नाहीत. कंबर शेकते, घाम येतो, ओव्याच्या वासाने डोळे जड होतात. माझ्या आजीने आईला असं शेकलं, आईने माझ्या वहिनीला. आमच्या घरात आजवर कोणाला काही झालं नव्हतं. आणि खरं सांगते, पहिल्या शेकाला जी ऊब मिळाली ती त्या लाल तारेने कधीच दिली नव्हती. तनूचे तळवे गरम झाले. मी कितीतरी दिवसांनी दुपट्यातून हात बाहेर काढला.

आई फार सांभाळून करायची. कोळसे गच्चीवर पेटवायची, पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. धुराची शेवटची रेघ संपून निखारे स्वच्छ लाल झाले की मगच आत आणायची. "पोरीच्या नाकात धूर नाही गेला पाह्यजे," म्हणायची. गजाननने तिच्या सांगण्यावरून खिडकीच्या फटीत कापूस भरला, दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावली. खोली अशी झाली की उदबत्तीचा धूरही सरळ वर जायचा. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं.

गावाकडे आमच्या घराला कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती. कवेलूंमधून ऊन यायचं, पाऊस यायचा, चिमण्या यायच्या. त्याच फटींतून आत पेटलेलं सगळं बाहेर जात होतं, हे कोणाच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. आईने शेगडी आणली, कोळसे आणले, ओवा आणला. छप्पर तिला आणता आलं नाही.

त्या सकाळी गजानन पहिल्या पाळीला गेले होते. थंडी अशी की नळाचं पाणी दातांना लागत होतं. आईने नेहमीपेक्षा जास्त निखारे आणले. मला शेकलं, तनूला तेल लावून माझ्या कुशीत दिलं आणि भिंतीला टेकून बसली. मला छान वाटत होतं. मग डोकं दुखायला लागलं. जाग्रणाने दुखत असेल म्हटलं. मळमळलं. डिंकाचा लाडू बाधला असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं वाटत होतं. आईकडे पाहिलं, तिची मान खाली आली होती. थकली बिचारी, म्हटलं. तनूचे तळवे चाचपले. गरम. पोट गरम. सगळं ठीक, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं, आणि आजही त्या आठवणीनेच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. थंडीची खूण मला शिकवलेली होती. याची खूण कोणी शिकवली नव्हती.

रोज गच्चीवर ऊन आलं की आई लंगोट वाळत घालायची. त्या दिवशी दोरी मोकळी राहिली. खाली अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या मावशींनी ती मोकळी दोरी पाहिली.

दार वाजत होतं. मला ते दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं दार वाटलं.

"ए पोरी! अगं ए! लेकराचे कपडे कुठंयत आज? सोन्याच्या लंकेत झोपल्या का मायलेकी? उघड!"

मी उठले. म्हणजे उठायचं ठरवलं. पाय माझे नव्हते. बाळाला छातीशी धरून बसल्या बसल्या सरकत गेले. दार केवढं लांब होतं! कडीला हात पोचेना. मावशी बाहेरून शिव्या देत होत्या. काय काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण त्या शिव्यांना धरूनच मी उभी राहिले. कडी निघाली. सतरंजीला अडखळत दार उघडलं आणि गार हवेचा लोट तोंडावर आला.

मावशींनी मला ढकललं आणि बाळ घेतलं. तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या गच्चीकडे धावल्या, या वयात, या गुडघ्यांनी. तनूचे हात दुपट्याबाहेर लोंबत होते, कापडी बाहुलीसारखे. त्या उन्हात खाली बसल्या, तिचे तळवे चोळत, पाठ चोळत, "रड, रड गं बाई, रड ना, शिव्या दे मला, पण रड." मी दारात पडले होते. माझ्या मागे आई. मला तेवढंच दिसत होतं, ऊन, मावशींची पाठ आणि पुढेमागे होणारा त्यांचा कोपर.

मग तनू रडली. कोंबडीच्या पिल्लाएवढा आवाज. मी आयुष्यात यापेक्षा मोठा आवाज ऐकलेला नाही.

त्यांनी आईला ओढून बाहेर घेतलं, शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली, आम्हा तिघींना दवाखान्यात नेलं. तनूला पुन्हा पेटीत ठेवलं, नाकाला नळी. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कोळशाचा वायू. त्याला वास नसतो, रंग नसतो. धूर संपला तरी तो निघतच असतो. बंद खोलीत साठतो." आई शुद्धीवर आली होती, ऐकत होती. तिने एकदाच विचारलं, "धूर नव्हता ना वं बाई. मी पाहून पाहून आणला. जराही धूर नव्हता." डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

तनू वाचली. पण घरी आल्यावर आईने तिला हात लावला नाही. दूध पाजून मी तिला आईकडे द्यायला गेले तर आई पाटावरून उठून बाजूला झाली. "मह्या हातात नको देऊ. मही गाडी पाहा उद्याची." शेगडी तिने गच्चीच्या कोपऱ्यात उलटी घालून ठेवली होती. थंडी तर तशीच होती. शेगडी नाही, हीटर नाही, आई असून नसल्यासारखी. माझा हात परत दुपट्यात गेला. पोट, तळवे. तळवे गार लागत होते.

मावशींनी त्याच दिवशी आमचं सामान खाली हलवलं. विचारलं नाही. पुढची दक्षिणेची खोली, जिथे दुपारभर ऊन, ती आम्हाला दिली आणि आपली खाट स्वयंपाकघरात टाकली. पुण्याच्या मुलाने दिलेला तेलाचा हीटर त्यांच्याकडे खोक्यात पडून होता, भीतीने त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. वायरमन बोलावून त्या हीटरसाठी जाड वायरचा वेगळा प्लग काढून दिला. हा लाल होत नाही, हळूहळू तापतो, बंद केल्यावरही ऊब धरून राहतो. आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगितली. आई एवढंच म्हणाली, "थंडी येईल ना आत."

संध्याकाळी मावशी आईसमोर चहा घेऊन बसल्या. तनूबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, "तुम्ही कूलरवाल्या मुलखातल्या. मला एक सांगा. उन्हाळ्यात मी कूलर लावते, तर घर नुसतं चिकचिक होतं. गार काय होत नाय."

आईने कप उचलला. "गवत बदलता का दरवर्षी?"

"बदलते ना."

"पंप?"

"चालू हाय."

"मंग समोरची खिडकी उघडी ठेवता का?"

"नाय बाई! गार हवा बाहेर जाईल ना सगळी. मी सगळं गच्च लावून घेते."

"अवो ताई!" आईच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर आला. "असं करते का कोणी? आतली हवा बाहेर नाही गेली तं नवी कुठून येईन? कोंडूनच जाते माणूस. खोली कशीही असो, तिले एक वाट…"

आणि ती थांबली. कप हातात तसाच. तिने खिडकीकडे पाहिलं, त्या दोन बोटांच्या फटीकडे. मावशी चहा फुंकत होत्या, जणू चहाशिवाय जगात काही नाही. त्यांनी तो प्रश्न मुद्दाम काढला होता की त्यांचा कूलर खरंच चिकचिक करायचा, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

आई उठली. हात धुतले, हीटरच्या पात्यांवर धरून गरम केले आणि माझ्यासमोर पसरले. "दे," म्हणाली. मी तनूला तिच्या हातात दिलं. आईने लुगड्याचा पदर सोडून तिला उघडी छातीशी घेतली, दवाखान्यात सिस्टरने मला शिकवलं होतं तशी, आणि वरून पदर गुंडाळला. मी थोड्या वेळाने हात घालून पाहिलं. पोट गरम. तळवे गरम. मावशी उठत म्हणाल्या, "घ्या. हा सगळ्यात भारी हीटर, आणि याला प्लग लागत नाय."

उरलेला हिवाळा असाच गेला. दुपारी फरशीवर उन्हाचा चौकोन पडायचा, तो सरकेल तशी आम्ही तनूची गोधडी सरकवायचो. पहाटे हीटर, खिडकीची फट, आणि दोन म्हाताऱ्यांचं भांडण, ओवा भाजून पुरचुंडी करावी की नाही यावर. मी मात्र निवांत झोपले असं काही म्हणता येणार नाही. भीती एकदा घरात आली की ती भाडं न देता राहते.

आता आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. ही जागा पाहायला गेलो तेव्हा मी आधी बाथरूममध्ये शिरले. गॅसचा गिझर आतच, खिडकी रंगाने चिकटलेली. गिझर बाहेर गॅलरीत काढून द्या, तरच घेऊ, असं मी मालकांना सांगितलं. मला स्वतःचाच आवाज ऐकून धक्का बसला. गजानन जिन्यात म्हणाले, "तुला हवा दिसते का काय गं?" मी म्हटलं, "दिसत नाही, म्हणून तर."

यंदा ते म्हणतात एसी घेऊ, गार आणि गरम दोन्ही देणारा, कूलरची आणि हीटरची दोन्ही कटकट जाईल. दुकानातल्या मुलाने रिमोट दाबून दाखवला. मी विचारलं, "याला बाहेरची हवा कुठून येते?" तो म्हणाला, "बाहेरची नाही मॅडम, आतलीच फिरवतो." तो खोटं बोलला नाही. यात काही जळत नाही, जीव गुदमरवणारं काही निघत नाही, हेही मला त्याने नीट समजावलं आणि मला ते पटलं. तरी आम्ही विचार करतो म्हणून बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर मी मोठा श्वास घेतला. गजानन पुढे चालू लागले. माझ्या या विचार करण्याची त्यांना सवय झाली आहे.

गेल्या आठवड्यात मावशींचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ऐन थंडीत. मुलगा पुण्याला ये म्हणतो, त्या जायला तयार नाहीत. "माझं घर सोडून मी कुठं जाऊ? आणि तू येऊ नको हं धावत. लेकराची शाळा हाय तुझ्या." मी म्हटलं, "बरं." त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

पण मावशी, तुम्हाला वाचायचा कंटाळा, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल तेव्हा ऐका. एक हिवाळा मी तुम्हाला परत देईन. या वर्षी नाही जमू दिलंत तर पुढच्या, नाहीतर जेव्हा केव्हा तुमचे पाय थकतील तेव्हा. दुपारभर ऊन येणारी खोली तुमची असेल, माझी खाट स्वयंपाकघरात. मी विचारणार नाही. तुम्ही तरी कुठे विचारलं होतं?